आधी पॅनेलचा हिशेब, मग सूट

वायरमनला शिकाऊ असल्यापासून भीती घातली जाते ती शॉकची. म्हणून पॅनेलपुढे रबर मॅट असते, हातात रबरी ग्लोव्हज असतात आणि तेवढ्या भरवशावर दार उघडले जाते. पण पॅनेलमधला दुसरा धोका कशालाही हात न लावता माणसाला गाठतो. पाना निसटून बसबारवर पडला, उंदीर आत शिरला किंवा ब्रेकर रॅक आऊट करताना संपर्क बिघडला, की दोन फेजमधल्या हवेतूनच प्रवाह वाहू लागतो. या आर्कचे तापमान 20,000 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. तांब्याची वाफ होते, ती हजारो पट फुगते आणि वितळलेल्या धातूसकट बाहेर फेकली जाते. रबर मॅटचा इथे काडीचा उपयोग नाही.

अमेरिकी अभियंता राल्फ ली यांनी 1982 मध्ये आर्कने भाजण्याचे गणित मांडले. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 1.2 कॅलरी उष्णता पोहोचली, की फोड येण्याइतके भाजते, असे आज धरले जाते. संरक्षक कपड्यांवर 8, 25, 40 असे आकडे असतात ते याच मापातले.

खरेदी विभागाला मोठा आकडा आवडतो. 40 कॅलरीचा एक सूट येतो, इलेक्ट्रिकल रूमच्या कपाटात लटकतो आणि ऑडिटच्या दिवशी दाखवला जातो. नागपूरच्या मे महिन्यात तो जाड सूट घालून, गडद काचेच्या हूडमधून वायरचे नंबर वाचत बारीक स्क्रू फिरवायला कोणाला तरी सांगून पाहावे. तो माणूस सूट काढून ठेवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. जिथे 6 कॅलरीचा धोका आहे तिथे 40चा सूट लादला, की जिथे तो खरोखर हवा तिथेही कोणी घालत नाही.

मग आकडा ठरवायचा कसा? 433 व्होल्टचा 1000 केव्हीए ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा इम्पिडन्स 5 टक्के धरला, तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्ट सर्किटचा प्रवाह सुमारे 27,000 अँपिअर होतो. हा आकडा ऐकून सगळे दचकतात, पण निम्मी गोष्ट वेळेची आहे. ब्रेकर 0.1 सेकंदात पडला आणि अंगावर 3 कॅलरी आल्या असे समजा. तोच ब्रेकर पूर्ण सेकंदभर थांबला तर 30 येतील. लांबच्या शेडमधल्या छोट्या पॅनेलवर प्रवाह कमी असतो. नेमक्या त्याच कारणाने ब्रेकरचे तात्काळ ट्रिप होणे चुकू शकते, आर्क जळत राहतो आणि निरुपद्रवी दिसणारे पॅनेल मेन पॅनेलपेक्षा घातक ठरते. उत्पादन थांबू नये म्हणून कोणी सेटिंग वाढवून ठेवले असेल, तर जुन्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. हा हिशेब करण्याची आयईईई 1584 ही पद्धत 2002 मध्ये आली, 2018 मध्ये सुधारली गेली. तो करून प्रत्येक पॅनेलच्या दारावर आकडा चिकटवणे, आणि सोबतची सूचना मराठीत लिहिणे, हे सूटच्या ऑर्डरआधी व्हायला हवे. अनेकदा सेटिंग नीट केल्यावर जड सूटची गरजच उरत नाही.

कपडा घेताना प्रमाणपत्र वाचावे. एटीपीव्ही 8 म्हणजे 8 कॅलरीला फोड येण्याइतके भाजण्याची शक्यता 50 टक्के. त्यामुळे हिशेबाच्या आकड्यापेक्षा वरचा कपडा हवा. काही कपड्यांवर कॅलरीऐवजी वर्ग 1 किंवा वर्ग 2 असतो. ती वेगळी चाचणी आहे, तिचे कॅलरीत रूपांतर करू नये. साधी पारदर्शक फेसशील्ड आर्कसाठी नसते, आणि योग्य शील्डमागेही मान व डोक्याची मागची बाजू झाकावी लागते. आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटू शकतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांनी हातमोजे, रबरी बूट, हेल्मेट अशी साधने देण्याची जबाबदारी घातली होती; 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. विद्युत निरीक्षकांनी तपासणीत साधनांबरोबर पॅनेलचा हिशेबही मागावा. कपडे कोणाला मिळाले, हेही विचारावे. कायम कामगाराला संरक्षक गणवेश आणि त्याच्या शेजारी पॅनेल धरून उभ्या ठेकेदाराच्या पोराला बाजारातला पॉलिएस्टर, हे चित्र संतापजनक आहे. आर्क हजेरीपट बघत नाही. ठेक्याच्या निविदेतच या कपड्यांची किंमत धरली पाहिजे.

शटडाऊन घेऊन, कुलूप लावून काम करणे हा पहिला पर्याय आहेच. पण सप्लाय गेल्याची खात्री टेस्टरने होईपर्यंत पॅनेल जिवंतच समजावे लागते, आणि ती खात्री करायला जो पुढे जातो त्याच्या अंगावर त्या पॅनेलच्या आकड्याचे कपडे तेव्हाही असायला हवेत.