तालमीतला फुटबॉल

बालमित्रांनो, तालीम म्हटलं की डोळ्यांपुढं काय उभं राहतं? तांबडी माती, कोपऱ्यातला मारुती, खुंटीला टांगलेले लंगोट. होय ना? आपल्या बारामती-इंदापूर भागात यात्रेतला कुस्त्यांचा फड पाहिला नाही असं पोर शोधूनही सापडायचं नाही. पण तालीम आणि फुटबॉल ही जोडी कधी ऐकली आहे का?

ती पाहायची तर कोल्हापूरला जायला हवं. तिथल्या फुटबॉल संघांची नावं नुसती मोठ्यानं वाचा बरं. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, संध्यामठ तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. आणि मला सगळ्यांत आवडणारं नाव म्हणजे उत्तरेश्वर प्रासादिक वाचनालय. वाचनालयाचा फुटबॉल संघ! पुस्तकात डोकं घालणारी मुलं मैदानावर दिसत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे नाव जरूर ऐकवा.

हे घडलं कसं? राजर्षी शाहू महाराज १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूरच्या गादीवर होते. कुस्ती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ साली खुलं झालं. मधे खाली आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही डाव स्पष्ट दिसावा. महाराजांच्या आश्रयानं पेठेपेठेतल्या तालमी भरभराटीला आल्या. पण तालीम म्हणजे नुसती घुमायची जागा नव्हे. संध्याकाळी पेठेतली पोरं जमायची ती तिथंच. गणपती बसवायचा तो तालमीनं. कुणाच्या घरी कार्य असो नाहीतर मयत असो, धावून जायची तीही तालमीचीच पोरं. मग या पोरांच्या पायात चेंडू आला तेव्हा संघासाठी नवं नाव शोधायची गरजच काय? तालमीला जे नाव होतं तेच संघाला मिळालं.

आता जरा लांब जाऊ, पार दक्षिण अमेरिकेत. अर्जेंटिना देशाची राजधानी ब्युनोस आयर्स. तिथं बंदराला लागून ला बोका नावाची वस्ती आहे. इटलीहून, विशेषतः जिनोव्हा शहराकडून, पोट भरायला आलेली माणसं तिथं राहायची. त्यांच्या काही पोरांनी ३ एप्रिल १९०५ या दिवशी एक क्लब काढला, बोका ज्युनियर्स. पोरं कसली, तुमच्या ताई-दादांच्या वयाची! जर्सीचा रंग कोणता घ्यायचा यावर घोळ झाला. तेव्हा म्हणे ठरलं, बंदरात जे जहाज आता येईल त्याच्या निशाणाचे रंग आपले. जहाज आलं ते स्वीडनचं. म्हणून बोकाची जर्सी आजही निळी-पिवळी आहे. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेलही, पण क्लबाची माणसं ती अभिमानानं सांगतात. पुढं याच जर्सीत दिएगो मॅराडोना खेळला. १९८१ साली तो बोकात आला आणि त्याच वर्षी संघानं देशाची स्पर्धा जिंकली.

पाहिलंत? हजारो मैल दूर, भाषा वेगळी, देव वेगळे. पण तिकडं बंदरावरची गल्ली आणि इकडं पेठेतली तालीम, दोन्हीकडं संघ उगवला तो एकाच जातीच्या मातीतून. दर चार वर्षांनी विश्वचषक आला की कोल्हापूरच्या चौकाचौकांत ब्राझील आणि अर्जेंटिनाची निशाणं फडकतात, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

फरक आहे तो पैशाचा. बोकाचा खेळाडू फुटबॉलवरच जगतो. कोल्हापूरच्या तालमीतली पुष्कळ पोरं दिवसा कामधंदा करतात, वेळ काढून सराव करतात आणि सामन्याच्या दिवशी छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात. अलीकडच्या काळात संघ बाहेरगावचे, परराज्यातले, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही पैसे देऊन आणू लागले. त्यानं खेळ चढला असं काही जण म्हणतात, पेठेतलं पोरगं बाकावर बसलं असंही काही जण म्हणतात. मला विचाराल तर निदान निम्मा संघ तरी त्याच पेठेतला हवा. नाहीतर नावात तालीम कशाला ठेवायची?

या मातीतून पुढं जाता येतं का, असं पालक विचारतील. येतं की. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारताच्या २१ जणांच्या संघात तो होता. फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकात भारत खेळला तो तेव्हा पहिल्यांदाच. आणि आपल्या गटात एक संघ दक्षिण अमेरिकेतला होता, कोलंबिया! भारत हरला, पण १-२ असा. पुढं अनिकेत मोठ्या व्यावसायिक क्लबांकडूनही खेळला.

आता थोडं कडू बोलते. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण पाहिलंय ना? एवढी गर्दी, पण घोडा धावतो तेव्हा कुणी कुणाला ढकलत नाही. फुटबॉलची गर्दी नेहमीच अशी शहाणी नसते. कोल्हापुरात दोन पेठांची चुरस कधी कधी हुल्लडबाजीवर गेली, दगड उडाले, सामने थांबवावे लागले. दगड मारणारा घरी जाऊन जेवतो. कामावरची रजा टाकून आलेला खेळाडू मात्र बूट पिशवीत घालून परत जातो.

अर्जेंटिनात याची किंमत फार मोठी पडली. बोकाचा जुना वैरी म्हणजे रिव्हर प्लेट. हा क्लबही ला बोका वस्तीतच १९०१ साली जन्मला आणि पुढं शहराच्या श्रीमंत भागात गेला. थोरला भाऊ वेगळा निघाला म्हणा ना! २३ जून १९६८ रोजी या दोघांचा सामना संपल्यावर रिव्हरच्या स्टेडियमच्या १२ नंबरच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली. ७१ माणसं गेली, बहुतेक तरुण पोरं. पुढं हाणामाऱ्या वाढतच गेल्या, तेव्हा २०१३ पासून कित्येक वर्षं पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना स्टेडियमची दारंच बंद झाली. आणि २०१८ साली तर कहर झाला. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्याला बोका आणि रिव्हर समोरासमोर आले, इतिहासात पहिल्यांदाच. दोनांपैकी पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्याला निघालेल्या बोकाच्या बसवर दगडफेक झाली, काचा फुटून खेळाडू जखमी झाले. शेवटी तो सामना दोन आठवड्यांनी खेळवला कुठं, तर समुद्रापलीकडं, स्पेनमधल्या माद्रिद शहरात! रिव्हर ३-१ जिंकला. पण दोन्ही वस्त्यांतल्या पोरांना आपल्या गल्लीचा सामना दहा हजार किलोमीटरवरून टीव्हीवर बघावा लागला.

कोल्हापूरला आई-बाबांबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला जाल, तेव्हा फुटबॉलचा हंगाम चालू आहे का ते आधी विचारा. असेल तर दर्शन झाल्यावर शाहू स्टेडियम गाठा. शेजारी एखादे आजोबा बसलेच असतील. ‘तुमची तालीम कोणती?’ एवढंच विचारायचं, बाकी सगळा इतिहास ते हाफ टाइमपर्यंत सांगून संपवतील.

तोवर घरचा अभ्यास. तुमच्या गावात तालीम आहे का? तिचं नाव काय, ती कुणी बांधली, आता तिथं संध्याकाळी कोण जमतं आणि काय खेळतं? घरातल्या थोरांना विचारा आणि मला लिहून पाठवा. मुलींनो, तुम्हीही लिहा. तुम्हाला तालमीत येऊ देतात का, हेही त्यात असू द्या.