फलकावर नाव असू द्या, फोटो नको



आपल्या समाजातली एक सून मुकुटबनला बायकांसाठी व्यायामाचा क्लास चालवते. सकाळी योगासनं, संध्याकाळी झुंबा. जागेचं भाडं एखाद्या महिन्यात निघतं, एखाद्या महिन्यात निघत नाही. आपल्या झरी जामणी तालुक्यात फी भरून घाम गाळायला येणाऱ्या बायका किती असणार? तिला कुणीतरी सुचवलं की गरीब बायकांसाठी मोफत शिबिर घे, फलक लाव, फोटो टाक, क्लासचं नाव होईल. हे ऐकून आपल्यातल्या दोघी-तिघी नाराज झाल्या. दान करायचं तर गुप्तदान, त्याची जाहिरात कशाला?

मला हे पटत नाही. पर्युषणात आपण चढावे भरसभेत बोलतो. देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारतात. धर्मशाळेच्या पाटीवर नाव असतं, पंख्याच्या पात्यांवरही असतं (पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, ते सोडा). मग एका कष्टाळू मुलीने शिबिरावर क्लासचं नाव लावलं तर बिघडलं कुठे?

फक्त हिशेब सरळ ठेवावा. मी कॉमर्सची, म्हणून हे आधी दिसतं. शिबिराचा मांडव, फलक, चहा हा जाहिरातखर्च आहे, तो त्याच खात्यात लिहावा. एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेली रक्कम ही देणगी. ती पावती घेऊन आणि शक्यतो चेकने द्यावी, कारण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ती सवलतच नाही. एकच रुपया जाहिरातीतही धरायचा आणि पुण्यातही धरायचा, हे मात्र चालणार नाही.

दुसरं, द्यायचं ते आपल्याला येतं तेच द्यावं. ब्लँकेटं वाटणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली असते, ओटी भरत जाते तसा भार वाढत जातो. कंबर आणि मान कशी मोकळी करायची, ओझं उचलताना गुडघे कसे वाकवायचे, हे त्या मुलीला येतं. ते तिने पोडावर जाऊन शिकवावं. पण दिवसा नको! वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तेव्हा दुपारचं 'मोफत' शिबिर त्या बाईला मजुरीच्या पैशात पडतं. संध्याकाळी जावं, आणि एकदाच नाही, निदान सात-आठ वेळा. आधी गावातल्या आशाताईंना विचारावं. ज्यांचं दुखणं जुनं आहे त्यांना व्यायाम न देता दवाखान्यात पाठवावं.

आता फोटो. इथे मी हट्टी आहे. आपला यवतमाळ जिल्हा म्हटला की चेक हातात धरून उभ्या केलेल्या विधवा बायका लोकांना आठवतात, इतके तसे फोटो छापून आले आहेत. कच्छच्या भद्रेश्वरचे जगडूशाह तुम्हाला ठाऊक असतील. तेराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी धान्याची कोठारं उघडली. हात पसरायला लाजणाऱ्या घरंदाज माणसांना ते लाडवात नाणी घालून देत, असं सांगतात. जगडूशाहांचं नाव सातशे वर्षं टिकलं, लाडू घेणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. म्हणून फलकावर क्लासचं नाव मोठ्या अक्षरात असू द्या, पण वजनकाट्यावर उभ्या केलेल्या बाईचा चेहरा मोबाईलवर फिरता कामा नये.

फोटोशिवाय नाव कसं होणार, असं तिने विचारलं. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून विनामूल्य योगासनं शिकवत आलं आहे, आणि विदर्भात ते कुणाला सांगावं लागत नाही. ती संस्था आहे, हिचं पोट क्लासवर आहे, हा फरक मला कळतो. पण ज्या बाईची कंबर हलकी झाली ती बाजारात चार जणींना सांगते. त्यातल्या शिक्षिका, अंगणवाडीताई, दुकानदारांच्या घरच्या बायका फी भरू शकतात.

तिला म्हटलं, या हंगामात एक पोड घे, आणि मार्चअखेर दोन्ही खात्यांच्या वह्या घेऊन माझ्याकडे ये. बेरजा मी तपासते.