आधी मुसळ, मग कुसळ

‘मोबाईलने आमची मुले बिघडवली’ हे पालुपद आज घरोघरी ऐकू येते. मुलांचे जागरण, अभ्यासाकडील दुर्लक्ष, दिखाऊपणाची हौस, या तक्रारी निराधार नाहीत. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा २०२४ साली संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. परंतु धाकट्यांच्या डोळ्यातील कुसळ शोधताना थोरांनी आपल्या डोळ्यातील मुसळाकडे किती काळ काणाडोळा करायचा?

पिढीगणिक माध्यम बदलते. अमेरिकेत २०१४-१५ साली १३ ते १७ वयोगटातील ७१ टक्के मुले फेसबुक वापरीत. २०२४ मध्ये हे प्रमाण ३२ टक्क्यांवर उतरले. फेसबुक हळूहळू थोरांचा पार झाला. आणि या पारावर काय चालते? तेथील २०१६ च्या निवडणुकीसंबंधीचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य लोकांनी खोटी बातमी मुळीच पसरविली नव्हती, हे खरे. पण पासष्टी ओलांडलेल्यांनी पसरविलेल्या अशा बातम्यांची सरासरी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट होती! मग बेजबाबदार कोणाला म्हणावे?

हा परक्यांचा प्रश्न म्हणून हात झटकता येणार नाहीत. असत्य हातोहात फिरले की काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत असताना, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मारहाण करून ठार केले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास प्रतिबंध केला. यंत्राला लगाम बसला. बोटाला कोण घालणार?

‘मी लिहिले नाही, नुसते पुढे पाठवले’ ही सबब लंगडी आहे. खोटी साक्ष दुसऱ्याच्या शब्दांत दिली म्हणून ती खरी ठरत नाही. उलट, वडीलधाऱ्यांच्या शब्दाला घरात वजन असते. म्हणूनच त्यांच्या हातून गेलेले असत्य अधिक घातक.

तेव्हा मुलांच्या हातातील मोबाईल काढून घेण्यापूर्वी थोरांनी स्वतःला एक नेम लावून घ्यावा: ज्याचे मूळ ठाऊक नाही, तो निरोप पुढे धाडायचा नाही. मुले आपला उपदेश विसरतील. आपले वागणे मात्र गिरवतील.