पडकी भिंत कशी बांधावी?



घर-घर तर सगळीच मुले खेळतात. पण पडलेले घर मुद्दाम बांधायचे आणि त्याला रंगही द्यायचा, असाही एक छंद आहे. टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजून ते हलवायचे आणि गोळी लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचे. इंग्लंडात या खेळाचा शौक जुना आहे. एच. जी. वेल्स या नामवंत लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम लिहिले.

मोकळ्या टेबलावर खेळ रंगत नाही. सैनिकाला आडोसा लागतो, म्हणून पडके शहर उभारतात. अनेकजण स्टालिनग्राड उभारतात. २३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी या रशियन शहरावर भयंकर बॉम्बफेक केली. शहर कोसळले, पण ढिगाऱ्यांतून रणगाड्यांना वाट मिळेना आणि प्रत्येक तळघरातून, खिडकीतून गोळी येऊ लागली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तिथल्या उरल्यासुरल्या जर्मन फौजेने शरणागती पत्करली. आज त्या शहराचे नाव व्होल्गोग्राड आहे. तिथली लाल विटांची एक पिठाची गिरणी त्या लढाईची खूण म्हणून तशीच भग्न ठेवली आहे.

आता कृती. सैनिक २८ मिलिमीटरचा असेल तर दार चार सेंटिमीटर आणि मजला सात-आठ सेंटिमीटर उंच धरा. जाड पुठ्ठ्याच्या दोन भिंती काटकोनात चिकटवा. कटर मोठ्यांनीच चालवावा. दोन भिंती एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून पडझडीत कोपरा बहुधा शेवटपर्यंत उभा राहतो.

तुटलेली कड कशी कापावी, हे घरात कोणी गवंडीकाम करत असेल तर त्यांनाच विचारा. विटांची भिंत सरळ रेषेत फाटत नाही. ती सांध्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. पुस्तक वाचून छंद करणाऱ्याला जे उशिरा कळते, ते थापी धरणाऱ्या हाताला आधीच ठाऊक असते.

आइस्क्रीमच्या काड्या मोडून लाकडी तक्तपोशी करा. सैनिक उभा राहील इतकी रुंदी ठेवा. खाली फेविकॉल लावून वाळू आणि विटांचा चुरा पसरा. पुठ्ठा एकाच बाजूने ओला झाला की वाकतो, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी द्या. थर्माकोल वापरले असेल तर त्यावर डब्यातला फवारा मारू नका, ते विरघळते.

आधी सगळे काळे रंगवा. वाळल्यावर विटकरी रंग द्या. मग फिकट रंगात ब्रश बुडवून फडक्याला पुसा आणि जवळजवळ कोरडा झाला की कडांवरून हलकेच फिरवा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्याच राहतात. काजळी खिडकीच्या वरच्या अंगाला द्या, कारण धूर वर जातो.

मुलांच्या हाती लढाईचा खेळ द्यावा का, हा प्रश्न आईला पडेल. पडायलाच हवा. वेल्सलाही तो पडला होता. हा खेळ तीन-चारदा खेळून पाहिला तरी खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते ते उमगेल, असे त्याने पुस्तकाच्या शेवटी सांगितले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

म्हणून एक करा. पडक्या भिंतीच्या आतल्या बाजूला घराचा रंग राहू द्या. एखादी फळी लावा, कोपऱ्यात मोडकी खाट ठेवा. स्टालिनग्राडच्या तळघरांत सैनिकांबरोबर बायका-मुलेही होती. ‘हे घर कोणाचे होते?’ असे मुलाने विचारले, तर दुपार सत्कारणी लागली म्हणायची.

आणि उरलेल्या पुठ्ठ्याचे एक सबंध घर करायला सांगा. पडक्या घरात चूक लपून जाते. सबंध घराला चारही कोपरे जुळावे लागतात, वर छपरही नीट बसावे लागते. त्यातले कोणते काम अवघड, ते मुलाचे मुलालाच कळेल.