पोचपावती

डिस्क्लेमर आधीच टाकतो: मी शिकारी नाही, मी हमाल आहे. कंपनीतला माझा एक सहकारी कोलोरॅडोत पिढ्यानपिढ्या गुरं राखणाऱ्या घरातला. मी त्याला मनातल्या मनात 'पाटील' म्हणायचो, आता त्यालाही ते नाव माहीत झालंय आणि आवडलंय. हा पाटील दर ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जातो, आणि मी त्याच्याबरोबर तंबू, भांडीकुंडी आणि नशीब असेल तर मटण वाहायला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. मोठा नर सहज तीनशे किलो भरतो.

शिकार म्हटलं की पुण्यातले मित्र दचकतात, आणि ते साहजिकच आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर तो विषयच संपला. इथे परवाना, प्रशिक्षण, नेमून दिलेला हंगाम असं सगळं आहे. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, हाही नियम आहे. शिकार योग्य की अयोग्य हा वाद पुन्हा कधीतरी, एखाद्या निवांत वीकांताला घालू. आजचा विषय वेगळा आहे.

दर सप्टेंबरात ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "डोंगरात जातोय, सॅटेलाइटवालं कुठलं यंत्र घेऊ?" मग आम्ही इंजिनियर मंडळी लगेच एक्सेल उघडतो. वजन किती ग्रॅम, बॅटरी किती दिवस, महिन्याचं भाडं किती. मीही तेच केलं होतं. माझं आजचं मत असं की त्या एक्सेलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा रकानाच नसतो: घरी बसलेल्या माणसाला काय कळणार?

तर झालं असं.

२०१७ चा ऑक्टोबर. आम्ही फ्लॅट टॉप्समध्ये होतो. वायव्य कोलोरॅडोतलं हे पठार, माथ्यावर बेसाल्टचा थर, म्हणजे दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. फक्त उंची दहा-अकरा हजार फूट आणि ऑक्टोबरात बर्फ. फोनला रेंज नाही. रविवारी रात्री आठपर्यंत घरी येतो असं सांगून निघालो होतो. शनिवारी अंधार पडता पडता पाटलाने एक नर टिपला, तंबूपासून तासाभराच्या चालीवर. पुढचं काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. जनावर सोलायचं, तंगड्या सुट्या करायच्या आणि पाठीवर घेऊन यायचं. एकेक मागची तंगडी म्हणजे पंचवीस-तीस किलो. रविवारचा अख्खा दिवस त्या फेऱ्यांतच गेला. संध्याकाळी बर्फ पडायला लागला, तेव्हा पाटील म्हणाला, रात्र इथेच काढू.

माझ्याकडे एकतर्फी यंत्र होतं. स्वस्त पडलं म्हणून मीच निवडलं होतं. एक बटण 'सगळं ठीक'चं, एक 'वाचवा'चं. मी तंबूशेजारी, स्प्रूसच्या दाट झाडीखाली उभं राहून 'सगळं ठीक' दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला. मी समाधानाने स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो आणि मेल्यासारखा झोपलो.

निरोप पोचलाच नाही.

सोमवारी दुपारी गाडीपाशी पोचलो, तर तिथे आणखी दोन गाड्या आणि शोधपथकाची माणसं. कोलोरॅडोत ही जबाबदारी शेरीफची असली तरी प्रत्यक्ष डोंगरात जाणारी माणसं बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यातला एक शाळेत शिकवायचा, सुट्टी टाकून आला होता. कोणी एक शब्द बोललं नाही. उलट थर्मासमधली कॉफी दिली. बोलले असते तर बरं झालं असतं. बायको रात्री तीनपर्यंत खिडकीत बसून होती, आणि मग तिने फोन केला होता. तिचं काय चुकलं? काहीच नाही.

घरी आल्यावर ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू यंत्र माझ्यासाठी घेतलं नव्हतंस, स्वतःसाठी घेतलंस. तुला वाटलं मी कळवलं. मला काय कळलं?"

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर माझं यंत्र यूडीपी होतं आणि घरी टीसीपी हवं होतं. जे आमच्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी: एकतर्फी यंत्र म्हणजे पोस्टाच्या पेटीत टाकलेलं कार्ड. पेटीत पडल्याचा आवाज आपण ऐकतो, पण पोचल्याचं कळत नाही. तो हिरवा दिवा म्हणजे पेटीत पडल्याचा आवाज. हवं असतं ते रजिस्टर पत्र, पोचपावतीसकट. दुतर्फा यंत्र नेमकं हे करतं. निरोप उपग्रहाने घेतला नाही तर ते तसं दाखवतं आणि पुन्हा प्रयत्न करत राहतं. त्या संध्याकाळी मला एवढं जरी कळलं असतं तरी मी शंभर पावलं चालून मोकळ्यावर आलो असतो. शंभर पावलं! आणि घरून एक "बरं" आलं असतं, तर तीच खरी पावती.

आता पर्याय बघू, माझ्या मतासकट.

पहिला, पीएलबी. ४०६ मेगाहर्ट्झवर थेट कोस्पास-सारसॅट या सरकारी व्यवस्थेला हाक मारणारी डबी. ही व्यवस्था १९८२ पासून माणसं वाचवते आहे. महिन्याचं भाडं नाही, सिग्नल दणकट, बॅटरी कित्येक वर्षं तशीच टिकते. अमेरिकेत तिची नोंदणीही फुकट होते. पण ती एकच वाक्य बोलते: "या, वाचवा." 'उशीर होतोय, काळजी नको' हे तिला म्हणता येत नाही. आणि डोंगरात दहातले नऊ निरोप त्याच जातीचे असतात.

दुसरा, सॅटेलाइट फोन. आवाज ऐकू येतो हे मोठं सुख. पण जड, महाग, आणि पलीकडच्याने त्या क्षणी उचलला तरच उपयोग. घोड्यांचे तांडे घेऊन जाणाऱ्या धंदेवाईक लोकांना ठीक. आपल्याला नको.

तिसरा, खिशातला फोन. २०२२ च्या नोव्हेंबरात आयफोन १४ वर उपग्रहाकडून मदत मागायची सोय आली, २०२४ मध्ये साधे मेसेजही जायला लागले, आणि २०२५ च्या जुलैत टी-मोबाइलने स्टारलिंकच्या उपग्रहांवरून सेवा सुरू केली. छानच आहे. रविवारी टेकडीवर फिरायला जाणाऱ्याने वेगळं काही घेऊ नये असंच मी म्हणेन. पण शिकारीत फोन हाच नकाशा, हाच कॅमेरा, हाच अडीनडीचा टॉर्च. बॅटरी गेली की सगळं एकदम गेलं. थंडीत ती किती झपाट्याने उतरते ते अनुभवलं नसेल तर एकदा फोन शून्याखाली रात्रभर तंबूत ठेवून बघा. शिवाय हात रक्ताने आणि चरबीने माखलेले असताना टचस्क्रीन चालवायचा म्हणजे... असो. सर्व्हर एकच ठेवून झोपणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, तेच इथे म्हणायचं.

चौथा, दुतर्फा मेसेंजर. गार्मिनचं इनरीच किंवा झोलिओ, ही दोन्ही इरिडियमच्या जाळ्यावर चालतात. कामावरचे ६६ उपग्रह, सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. (मुळात ७७ ठरले होते, म्हणून ७७ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव. उपग्रह कमी झाले, नाव राहिलं.) हे उपग्रह एकमेकांशीही बोलतात, त्यामुळे खाली जवळपास ग्राउंड स्टेशन असण्याची गरज पडत नाही. इनरीच मिनी २ चं वजन अवघं १०० ग्रॅम. 'वाचवा' दाबलं तर पलीकडचा माणूस उलट प्रश्न विचारू शकतो: काय मोडलं, रक्त वाहतंय का, चालता येतंय का? स्ट्रेचर पाठवायचं की हेलिकॉप्टर, हे त्या उत्तरांवर ठरतं. माझं मत याला. दोनशे ते चारशे डॉलर आणि वर भाडं, हे खरंच आहे. पण सोमवारची सुट्टी टाकून आलेल्या त्या मास्तरांची कॉफी प्यायल्यावर मला ते महाग वाटेनासं झालं.

पण थांबा, यंत्र घेतलं की काम झालं असं नाही. दरीत आकाश अरुंद असतं, दाट झाडीत निरोप अर्धा तास अडकतो, कधी यंत्रच ओढ्यात पडतं. पोचपावती नाही आली तर पलीकडच्याने काय समजायचं? टीसीपीतही टाइमआउट असतोच की. तो घरी बसून, दोघांनी मिळून ठरवावा लागतो. आमच्या फ्रिजवर आता एक कागद असतो:

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मोकळ्यावर येऊन एक निरोप. पोचल्याचं दिसेपर्यंत मी हलणार नाही. एक दिवस निरोप चुकला तर घाबरायचं नाही. परतीची ठरलेली वेळ उलटून दुसऱ्या दिवशीची दुपार झाली आणि तरी काही नाही, तर फोन करायचा. कोणाला? हेही आधी लिहून ठेवायचं, कारण फ्लॅट टॉप्स अनेक काउंट्यांत विभागलंय आणि प्रत्येकीचा शेरीफ वेगळा. खाली गाडीचा नंबर, गाडी कुठे लावली, तंबूची जागा आणि रंग.

हा कागद बायकोने लिहिला. पहिल्या मसुद्यात मी टाइमआउट दोन दिवसांचा टाकला होता. तिने तो खोडला. बरोबर केलं. वाट बघणार ती, तर मुदतही तिनेच ठरवायला हवी.

दोन बारीक सूचना. यंत्राचा पत्ता घरच्यांखेरीज कोणाला देऊ नका, मॅनेजरला तर मुळीच नाही :-) आणि दिवाळीला घरी जाताना हे यंत्र चुकूनही बॅगेत टाकू नका. भारतात परवानगीशिवाय उपग्रह संदेशवाहक बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर अडकलेल्या परदेशी गिर्यारोहकांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

गेल्या ऑक्टोबरात आम्हाला पुन्हा एक दिवस उशीर झाला. या वेळी मी पठाराच्या कडेवर, उघड्या वाऱ्यात उभा राहिलो आणि टाइप केलं: "उद्या दुपारी येतो. दोघेही ठीक." चार मिनिटं गेली. मग उत्तर आलं: "बरं. येताना दूध आण."