पात्याच्या बुडाशी कोरलेले साल

छंद हा शब्द उच्चारला की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. पोस्टाची तिकिटे जमविणारा मुलगा अभ्यासात मागे पडणार आणि जुनी नाणी गोळा करणारा गृहस्थ घरची चालू नाणी उधळणार, असे त्यांचे ठाम मत असते. त्यात कोणी जुने चाकू जमवितो असे सांगितले, तर विचारायलाच नको! तथापि सैन्यातील शिपायांना सरकारी खर्चाने दिलेले खिशातले चाकू शोधून ते सालवार लावून ठेवणारे पुष्कळ लोक आज जगात आहेत. त्यांच्या या छंदात आपल्या खेड्यातील घरांनी शिकावे असेही काही आहे. म्हणून आजचा मजकूर त्याविषयी.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की येथे विषय मारामारीच्या सुऱ्यांचा नाही. शिपायाच्या खिशातला चाकू हे कामाचे साधन आहे. पाव कापणे, डबा उघडणे, दोरीची गाठ सोडविणे, बंदुकीचा स्क्रू पिळणे, ही त्याची कामे. लाटंबार्शाच्या कुळागरात किंवा काजूच्या बागेत काम करणाऱ्याच्या कमरेला जसा कोयता असतो, तसाच शिपायाच्या खिशात हा चाकू. पोर्तुगीज भाषेत अशा मिटणाऱ्या चाकूला ‘कनिव्हेत’ म्हणतात. आपल्यातील वृद्धांच्या कानांवरून तो शब्द कधी तरी गेला असेल.

या छंदात सर्वांत प्रसिद्ध चाकू स्वित्झर्लंडच्या सैन्याचा. त्याची हकीकत मनोरंजक आहे. त्या देशाने १८८९ साली नवी रायफल स्वीकारली. ती खोलून साफ करण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर लागे, आणि शिपायाच्या शिध्यात टिनचे डबे असत, म्हणून ते उघडण्याचे साधनही हवे होते. ही कामे एकाच वस्तूने व्हावीत, या हेतूने शिपायाचा चाकू ठरविण्यात आला. त्याला ‘१८९० चा नमुना’ म्हणतात. पण एवढे चाकू एकदम करून देईल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा नव्हता. म्हणून पहिले १५,००० चाकू जर्मनीतील झोलिंगेन या गावच्या एका कंपनीने पुरविले.

ही गोष्ट कार्ल एल्सनर नावाच्या स्विस कारागिराच्या मनाला लागली. त्याने १८८४ साली इबाख या गावी चाकूंचा लहानसा कारखाना काढला होता. देशातील इतर कारागिरांना एकत्र करून त्याने सैन्याचे काम मिळविले. पण जर्मन कारखान्यांचा माल स्वस्त पडे. बाकीचे कारागीर एकेक करून बाजूला झाले आणि एल्सनर कर्जात बुडाला. नातलगांनी हात दिला म्हणून तो तरला. त्याने अधिकाऱ्यांसाठी एक हलका, अधिक पात्यांचा चाकू तयार करून १८९७ साली त्याची नोंदणी केली, आणि त्या चाकूने पुढे त्याच्या घराण्याला नाव मिळवून दिले. १९०९ साली त्याची आई वारली. तिचे नाव व्हिक्टोरिया. तेच नाव त्याने कारखान्याला दिले. पुढे १९२१ साली गंज न चढणारे पोलाद वापरात आले आणि त्या पोलादाचा ‘इनॉक्स’ हा शब्द जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव झाले. ज्या नावाचा माल आज जगभर विकला जातो, त्या नावात एका मुलाने आपल्या आईची आठवण ठेविली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता सालाकडे वळू. सुमारे १२० वर्षांत या शिपायाच्या चाकूचे मुख्य नमुने पाचच झाले: १८९०, १९०८, १९५१, १९६१ आणि २००८. पहिल्याचे वजन १४४ ग्रॅम, दुसऱ्याचे १२५, तिसऱ्याचे ९० आणि १९६१ च्या नमुन्याचे अवघे ७२ ग्रॅम. म्हणजे ७० वर्षांत चाकू निम्म्याने हलका झाला आणि कामाला मात्र उणा पडला नाही. १९६१ च्या नमुन्याची लांबी मिटलेली असता ९३ मिलिमीटर, मूठ अॅल्युमिनियमची, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी सालाचे दोन आकडे ठोकलेले. ‘६५’ असेल तर १९६५ आणि ‘७८’ असेल तर १९७८. हा नमुना २००८ पर्यंत चालला. एकाच घाटाच्या वस्तूची ही जवळजवळ ५० वर्षांची साखळी होय. जमविणारा मनुष्य या साखळीतील एकेक कडी शोधीत असतो, आणि एक कडी सापडेना की त्याची झोप उडते.

१९६१ हे साल आपल्या गोव्याला निराळे सांगायला नको. त्या सालच्या डिसेंबर महिन्यात भारतीय फौजा गोव्यात उतरल्या आणि १९ तारखेला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. इकडे एक राज्य बदलत होते आणि तिकडे दूरच्या डोंगराळ देशात शिपायाचा चाकू बदलत होता. दोहोंचा संबंध काहीच नाही. पण साल लक्षात ठेवण्यास असा आधार बरा पडतो.

एखादे साल दुर्मिळ का होते? पुष्कळांचा समज असा की जितके जुने तितके दुर्मिळ. हा समज चुकीचा आहे. आपल्याच घरातील उदाहरण घ्या. गोव्यातील एश्कूद ही नाणी पोर्तुगीज रुपयाच्या मानाने अलीकडची. परंतु ती अवघी काही वर्षे चालली. उलट त्यांच्याहून कितीतरी जुनी तांब्याची नाणी अजून डब्या-डब्यांतून निघतात. वस्तू किती घडल्या आणि त्यांपैकी किती वाचल्या, या दोन प्रश्नांवर दुर्मिळता ठरते. वय त्यानंतर येते.

चाकूंच्या बाबतीत हेच दिसते. ज्या वर्षी सैन्याची मागणी थोडी, त्या वर्षीचे चाकू थोडे. नमुना बदलण्याच्या सुमारास जुन्याची शेवटची आणि नव्याची पहिली खेप बहुधा लहान असते. एखादे वैशिष्ट्य थोडाच काळ टिकले तर तेवढ्याच काळातील वस्तू शोधल्या जातात. १९६१ च्या स्विस नमुन्याची मूठ पहिली काही वर्षे लाल असे, नंतर ती चंदेरी झाली. म्हणून लाल मुठीच्या चाकूला मागणी अधिक. शिवाय जुन्या पोलादाला गंज चढे, धार लावून लावून पाते झिजून जाई, आणि मोडका चाकू कोणी जपून ठेवीत नसे. जे सर्वांपाशी होते ते कोणीच सांभाळले नाही, आणि म्हणूनच ते आज मिळत नाही. संसारातही असेच घडते, नाही का?

आता आपल्या परिसराकडे या. लाटंबार्शाहून दोडामार्ग काही दूर नाही. हद्द ओलांडली की जुने सावंतवाडी संस्थान. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख लोक स्वेच्छेने दाखल झाले. त्यांत कोकणातील आणि घाटावरील मराठी मुलखाचे पुष्कळ होते. मराठा पलटण इटलीपर्यंत जाऊन लढली. १९४४ च्या जुलै महिन्यात तेथेच कोकणातील नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. या फौजांतील शिपायाच्या सामानात मिटणारा चाकू असे. काळी खवल्याखवल्यांची मूठ, एक रुंद पाते, डबा उघडण्याचे साधन, काहींना दोर सोडविण्याचा टोकदार सुळा आणि दोरीत अडकविण्यासाठी कडी, असा त्याचा घाट. असेच सुळ्याचे चाकू आगबोटींवरील खलाशीही बाळगीत, आणि आगबोटीवर नोकरी केलेला मनुष्य गोव्यात कोणत्या गावी नव्हता?

असा चाकू तुमच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत निघाला, तर आधी पात्याच्या बुडाशी पाहा. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असेल, तर ती ब्रिटिश सरकारी मालाची निशाणी. तिच्याबरोबर इंग्रजी ‘आय’ अक्षर असेल, तर तो माल हिंदुस्थानात स्वीकारलेला. दोन बाण टोकाला टोक लावून उभे असतील, तर तो माल सरकारने पुढे विकून टाकलेला. जवळच कारखान्याचे नाव आणि साल असण्याचा संभव असतो. युद्धाच्या वर्षांतील चाकू इंग्लंडमधील शेफील्ड शहरात अनेक कारखान्यांनी फार मोठ्या संख्येने केले. त्यामुळे ‘१९४३’ वा ‘१९४४’ पाहून लगेच घबाड हाती लागले असे समजू नये. बाजारात त्याची किंमत बेताचीच येईल. परंतु घरात त्याची किंमत निराळी आहे.

ती कशी, हे पाहा. समजा, आजोबा लढाईवर गेले होते एवढेच घरात ठाऊक आहे. कागद वाळवीने खाल्ले, फोटो पावसाळ्यात गेला. उरला तो चाकू. त्यावर ‘१९४४’ असेल, तर एवढे निश्चित होते की तो त्या सालापूर्वी त्यांच्या हाती आला नव्हता. घरात मात्र गोष्ट अशी चालत आलेली असते की हाच चाकू १९४२ साली आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांच्यापाशी होता. मग काय आजोबा खोटे बोलले? तसे मुळीच नाही. पहिला चाकू हरवला वा मोडला तर शिपायाला दुसरा मिळे. आठवणीत मात्र दोन्ही एक होतात. साल खोटे बोलत नाही, पण ते सगळेही सांगत नाही. जे ते सांगत नाही, ते विचारण्यासाठी आजी, आत्या, गावातील म्हातारी माणसे जिवंत असतील तोवरच वेळ आहे. घरात पलटणीचा नंबर लिहिलेला एखादा कागद वा पदक असेल, तर मराठा पलटणीचे केंद्र आपल्या शेजारी बेळगावातच आहे. तेथे चौकशी करून पाहता येते.

म्हणूनच दोन कृत्ये कधी करू नयेत. एक, भंगारवाल्याच्या तराजूत असा चाकू टाकू नये. लोखंडाच्या भावाने आजोबा विकण्यासारखे ते होईल. दुसरे, चकाकी आणण्यासाठी तो सहाणेवर वा यंत्रावर घासून घेऊ नये. गंजाबरोबर सालही जाते, आणि गेलेले साल कोणताही लोहार परत बसवून देऊ शकत नाही. बसवून देणारे काही लबाड आहेत खरे; दुर्मिळ सालाचे आकडे नव्याने ठोकून विकणे हा या छंदातील जुनाच धंदा. खरे आकडे पात्याबरोबर झिजलेले असतात. पाते झिजलेले आणि आकडे कोरे करकरीत दिसले, की विकत घेणाऱ्याने हात आखडावा. तसेच दुकानात मिळणारा प्रत्येक लाल स्विस चाकू सैन्याचा नसतो. अधिकाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला तो चाकू सैन्याने कधी वाटलाच नाही. अधिकारी तो आपल्या पैशाने घेत.

आपल्याकडील पावसाळा पोलादाचा वैरी आहे. चाकू कोरड्या फडक्याने पुसावा, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल लावू नये. ते कालांतराने चिकट होते. कातड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावा आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहावे: हा कोणाचा, घरी कधी आला, कोणी सांगितले. या चिठ्ठीवाचून चाकू मुका राहतो. लहान मुलांच्या हाती तो द्यायचा तर आपण जवळ बसून द्यावा. विमानाने परदेशी जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत ठेवू नये. तो तेथेच काढून घेतला जाईल. आणि रस्त्यात, जत्रेत, बाजारात मिरविण्याची ही वस्तू नव्हे, हे तरुणांना सांगणे नकोच.

जमविण्याच्या नादाची एक काळी बाजूही आहे. एक साल मिळाले की दुसरे हवेसे वाटते. शेवटच्या एका चाकूसाठी मुलांच्या फीचे पैसे मोडणारा मनुष्य चाकूंचा धनी राहत नाही, त्यांचा चाकर होतो. उलट ज्यांनी हा नाद लोकांच्या उपयोगी लाविला, त्यांचे नाव राहिले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वस्तू हजारोंनी जमविल्या, त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे ‘राजा’ हे नाव दिले, आणि शेवटी सारा संग्रह सरकारच्या हवाली केला. आपल्या गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी जुन्या घरांतून टाकून दिली जाणारी शेतीची आणि कारागिरीची हजारो अवजारे वाचविली. त्यांचे ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय २००९ साली उघडले. नांगर, विळी, अडकित्ता यांना जेथे जागा मिळाली, तेथे शिपायाच्या चाकूलाही ती मिळावयास हरकत नाही.

म्हणून वाचकहो, या आठवड्यात एखादी दुपार काढून माळ्यावरची पेटी खाली उतरवा. चाकू निघेल, कदाचित नुसता अडकित्ता निघेल, किंवा आगबोटीवरच्या नोकरीचे पुस्तक निघेल. जे निघेल त्यावरील साल मुलांकडून वाचवून घ्या आणि घरातील सर्वांत वडील माणसाला त्या सालाची गोष्ट विचारा. सांगणारे आहेत तोवर ती ऐकून, लिहून ठेवावी.