‘आज धडा झाला का गं?’
मैत्रिणींनो, उदास मनाला सावरायचे धडे आता घरबसल्या, इंटरनेटवरून एकटीने गिरवता येतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २००१ मध्ये असाच ‘मूडजिम’ सुरू केला. नावं भरपूर नोंदली गेली, पण शेवटच्या धड्यापर्यंत फार थोडे पोचले.

याला आळस म्हणायचं? ज्या दुखण्यात अंथरुणातून उठवत नाही, त्यातच ‘रोज नेटाने अभ्यास कर’ म्हणायचं! अधूनमधून कुणी फोन करून चौकशी केली, तर माणसं जास्त टिकतात, असं संशोधन सांगतं. मग जावेने, भिशीतल्या मैत्रिणीने एवढं विचारायला काय हरकत आहे? धड्यात काय लिहिलंस, ते मात्र विचारू नये. आणि त्रास वाढलाच, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत नंबर तिला लावून द्यावा.